घरात आहे तो साबण

कागदाची सळसळ आधी ऐकू आली, बाबांचा आवाज नंतर. "नमस्कार. मी आपला साबण अनेक वर्षांपासून वापरत आहे," ते म्हणाले, एकेका शब्दाखाली बोट सरकवत वाचावं तसं, आणि सवयीनं बटणाकडे निघालेला माझा हात वाटेतच थांबला. आवाज ओळखायला वेळ लागला असं नाही. तो लगेच ओळखला. वेळ लागला तो हे पटायला, की हा आवाज तक्रार करतो आहे. माझ्या वडिलांनी जन्मात कधी तक्रार केलेली नाही. हॉटेलात चहा गार आला तर ते तो गार पितात आणि उठताना वेटरला चहा छान होता म्हणून सांगतात. एकदा दुकानदारानं त्यांच्या खोक्यात दोन्ही बूट डाव्या पायाचे घातले होते. ते परत करायला जायचं या नुसत्या कल्पनेनं त्यांची झोप उडाली. 'चालवून घेऊ' असंही त्यांच्या तोंडून निघून गेलं होतं, आणि शेवटी आईच पिशवी घेऊन तरातरा गेली. तो माणूस आता माझ्या कानात सांगत होता, की आपल्या साबणातल्या पाम तेलासाठी दूरदेशीची जुनी जंगलं तोडली जातात, आपण ठरलेली मानकं स्वीकारावीत, स्वीकारेपर्यंत मी नाराज आहे. 'नाराज' हा शब्द त्यांनी जरा हळू उच्चारला. तेवढी नाराजी त्यांना झेपत नसावी.

मी काय बोलायचं हे मला ठरवावं लागत नाही, ते ठरलेलं असतं. आमची एजन्सी पुष्कळ कंपन्यांचे फोन घेते. फ्रिज, पंखे, प्रवासी बॅगा, साबण. गिऱ्हाइकाला वाटतं आपण कंपनीशी बोललो, कंपनीला वाटतं आपल्याशी कुणी बोललंच नाही, आणि मधल्या मध्ये आम्ही बसलेल्या असतो. मी एरवी फ्रिजच्या टेबलावर असते. साबणाच्या विरोधात मोहीम सुरू झाली आणि तिकडचे फोन थांबेनात, म्हणून आम्हा काही जणींना उचलून साबणावर बसवलं. हे बाबांना माहीत नव्हतं. त्यांच्या लेखी मी फ्रिजचीच. शिवाय फोनवरचा माझा आवाज घरचा नव्हेच. तो एजन्सीनं शिकवलेला आहे, थोडा वरच्या पट्टीतला, सावकाश, कडांना कल्हई केलेला. त्या आवाजात मी म्हणाले, "आपण वेळ काढून फोन केलात, त्याबद्दल आभारी आहोत. आपली सूचना नोंदवून घेतली आहे. आपल्याला आणखी काही मदत हवी आहे का?" पलीकडे कागदाची घडी घातली गेली. "नको, मदत नको," ते म्हणाले. फोन ठेवतील असं वाटलं, पण ठेवला नाही. मग म्हणाले, "तुम्ही जेवलात का?" मी हो म्हणाले. डबा उघडलाही नव्हता.

रविवारी मी त्यांना फोन करते तेव्हा असं काही नसतं. कसे आहात, बरा आहे, गोळ्या घेतल्या का, घेतल्या, काही हवंय का, काही नको. आई गेल्यापासून आमचं हे एवढंच बोलणं आहे. ती होती तेव्हा आमचं सगळं बोलणं तिच्यामार्फतच चालायचं, हे ती गेल्यावर दोघांच्याही लक्षात आलं. तिला सांगितलं की ते त्यांना पोचायचं आणि त्यांचं मला, तेही मीठमसाला लावून, त्यामुळे आम्ही एकमेकांचे फार जवळचे आहोत असा आमचा समज होता. आता मधलं माणूस उठून गेलं, आणि आम्ही समोरासमोर बसून गोळ्यांची चौकशी करतो. मी जेवले का, हे त्यांनी मला कधी विचारलेलं नाही. ते आईचं खातं होतं. आणि इथे एका परक्या बाईला, जिचं तोंडही पाहिलेलं नाही, तिला ते विचारतात. मला राग आला. मग रागाचं हसू आलं, कारण ती परकी बाई मीच होते. त्याच वेळी 'बाबा, मी बोलतेय' असं म्हणायला काय हरकत होती? होती. फोन रेकॉर्ड होतात, खाजगी बोलायचं नाही असा नियम आहे, आमचा टीम लीडर पाठीमागे कधी येऊन उभा राहील सांगता येत नाही (तो इतका आवाज न करता येतो की त्याचं नावच आम्ही म्यूट ठेवलं आहे), ही सगळी कारणं खरी आहेत. पण खरं सांगायचं तर मला तो प्रश्न पुन्हा ऐकायचा होता.

त्यांनी जे वाचलं ते आम्हाला पाठ झालं होतं. जी संघटना ही मोहीम चालवत होती, तिला आम्ही झाडवाले म्हणायचो. आधी त्यांनी कंपनीला पत्रं लिहिली. मग सगळ्या साबणांची यादी काढून प्रत्येकाला हिरवा, पिवळा, तांबडा रंग दिला, त्यात आमचा साबण तांबड्यात. मग दुकानांच्या दारात उभं राहून माणसांना पत्रकं वाटली. मग कुणीतरी एका आजीबाईंना कंपनीचा एकच शेअर घेऊन दिला आणि वार्षिक सभेत त्यांनी उठून असा प्रश्न विचारला, की अध्यक्षांना पाणी मागवावं लागलं. आणि आता हे फोन. कायद्यानं कंपनीला काहीच करावं लागत नव्हतं. मानकं म्हणजे काही कंपन्या, काही मळेवाले आणि काही असेच झाडवाले यांनी एकत्र बसून केलेले नियम: जुनं जंगल तोडून लावलेल्या मळ्याचं तेल घ्यायचं नाही, तपासनीस येईल त्याला आत येऊ द्यायचं, पाळलं की वेष्टनावर छोटं पान छापायचं. सगळं ऐच्छिक. ऐच्छिक या शब्दाची आमच्या टेबलावर फार थट्टा व्हायची. शेजारच्या खुर्चीतली म्हणायची, आमच्या सासूबाईंकडे सगळी कामं ऐच्छिकच असतात, कोणी सांगत नाही, पण केली नाहीत तर बघा. मी हसायचे आणि मला आई आठवायची. बाबा पूर्वी सिगारेट ओढायचे. आईनं 'सोडा' असं फक्त एकदाच म्हटलं. पुढे तेच ती आत्याला म्हणाली, बाबांना ऐकू जाईल अशा बेतानं. मग समोरच्या घरातल्या गृहस्थांनी सोडली, तर त्यांच्या तब्येतीचं कौतुक जेवताना रोज होऊ लागलं. मग तिनं बाबांचे शर्ट वेगळ्या बादलीत भिजवायला सुरुवात केली, एक शब्द न बोलता. ती बादली मोरीत सगळ्यांच्या नजरेसमोर असायची. आल्यागेल्यानं विचारावं, ही वेगळी का, आणि आईनं नुसतं हसावं. एक दिवस बाबांनी पाकीट खिडकीबाहेर टाकलं. पुढे जन्मभर ते सांगत राहिले, मी स्वतःच्या मनानं सोडली, मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि आई मान डोलवायची. तिचं कसब सगळं त्या मान डोलवण्यात होतं, हे मला उशिरा कळलं.

आमच्या स्क्रीनवर प्रत्येक फोननंतर दोनातलं एक बटण दाबावं लागे. त्यांची नावं लांबलचक होती, आम्ही एकाला कागद म्हणायचो आणि दुसऱ्याला माणूस. संघटनेनं दिलेलं वाक्य वाचून दाखवतो तो कागद. स्वतःचं बोलतो तो माणूस. कागदाचं रेकॉर्डिंग आठवड्याअखेर पुसलं जाई, त्याचा फक्त आकडा वर जाई, आणि आकडा पाहून वरचे म्हणत, हे काय, शिकवलेले पोपट. माणसाचं रेकॉर्डिंग मात्र कंपनीच्या साहेबांकडे जाई. या साहेबाचं आम्ही ठेवलेलं नाव साबणसाहेब. तो स्वतः एकदा आमच्याकडे येऊन बसला होता, पडेल खांद्यांचा, नखं कुरतडलेला. त्याचं काम कंपनीत हेच होतं, पर्यावरण बघणं, आणि त्याचं कुणी ऐकत नसावं. जाताना हळूच म्हणाला, "मला माणूस द्या हो. कागद पुष्कळ झाले. वर दाखवायला एक तरी माणूस द्या." तेव्हा कळलं की त्या मानकांवर कंपनीची सही त्यालाही हवी आहे. बाहेरून झाडवाले ढकलत होते आणि आतून हा ओढत होता, फक्त ओढताना दिसायचं नाही एवढीच त्याची अट होती.

बाबांचा दुसरा फोन शेजारच्या खुर्चीवर लागला. तिनं ऐकलं, माझ्याकडे वळून म्हणाली, "तुझा कागद आलाय. परवाच्या बाई हव्यात म्हणतोय," आणि फोन माझ्याकडे ढकलला. पुन्हा सळसळ. पण या वेळी ते संघटनेचं वाक्य नव्हतं. "नमस्कार. मी परवा फोन केला होता. वाचनालयात एक चष्मेवाली मुलगी येते. तिनं एकदाच फोन करायला सांगितलं होतं. परंतु मला आणखी एक विचारायचं आहे. झाडं तोडल्यावर तिथली माणसं कुठे जातात." हे त्यांनी अशा सुरात वाचलं की कुणालाही कागदच वाटावा. मला माहीत होतं तो कसला कागद आहे. बाबा फोन करण्याआधी लिहून काढतात. पाकिटाच्या मागे, औषधाच्या खोक्यावर, मिळेल त्यावर. 'नमस्कार'सुद्धा लिहितात. लहानपणी डॉक्टरांना फोन करायचा असला की ते टेबलाशी बसून मला ताप किती आहे ते लिहायचे, तोवर आईनं शेजाऱ्यांकडे जाऊन फोन करून टाकलेला असायचा. आई गेली त्या सकाळी हॉस्पिटलच्या बाकावर त्यांनी माझ्याकडे पेन मागितलं. गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटावर त्यांनी लिहिलं, 'ताई, ती गेली.' मग आत्याला फोन लावला आणि ते वाचून दाखवलं. मी शेजारी उभी होते आणि मला त्यांची भयंकर चीड आली होती. तीन शब्द. तेही लिहून. आता हेडफोनमधून तो वाचण्याचा सूर ऐकताना मला पहिल्यांदा वाटलं, की न लिहिता ते कदाचित बोलूच शकले नसते. माणसं कुठे जातात, याचं उत्तर माझ्याकडच्या छापील वाक्यांत नव्हतं. आपली सूचना नोंदवून घेतली आहे, मी म्हणाले. "जेवलात का?" त्यांनी विचारलं. हो, जेवले, मी म्हणाले, आणि फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ बटणांकडे बघत राहिले. शेजारची म्हणाली, "अगं, कागद दाब ना, वाचत होता की." मी कागद दाबलं.

ते दाबल्याचं मला दिवसभर बोचत राहिलं. बसमध्ये, जिन्यात, भाजी चिरताना. ज्याला बोलायची सवय नाही त्यानं बोलायचं धाडस केलं तर ते वाचल्यासारखंच येणार, आणि ज्याला तोंडाचा पट्टा चालवता येतो तो माणूस ठरणार, असा हा न्याय. झाडवाल्यांच्या त्या चष्मेवालीनं वाचनालयातल्या म्हाताऱ्यांना वाक्य छापून दिलं ते सोयीसाठी, आणि त्या सोयीमुळेच त्यांचा आवाज मोजला जात नव्हता. तिला हे कुणी सांगितलं नसणार. सांगायला मला बंदी होती. आमच्याकडे नियम एकदम सरळ आहेत. पंख्याच्या टेबलावरची एक बाई वैतागलेल्या गिऱ्हाइकाला म्हणाली, 'अहो, तो पंखा आवाज करतोच, माझ्याही घरी आहे,' आणि संध्याकाळी तिची खुर्ची रिकामी होती. माझं एकटीचं घर या खुर्चीवर चालतं. या वयात दुसरी खुर्ची कोण देणार? ही खुर्ची मला आवडते अशातला भाग नाही, पण तिच्यावर बसले की महिन्याची काळजी उठून जाते.

तिसरा फोन आला तेव्हा टेबलं निम्मी रिकामी होती, बाकीच्या जणी जेवायला गेल्या होत्या. मी मुद्दाम थांबत असे त्या वेळेला. सळसळ झाली, आणि बाबा वाचू लागले. "नमस्कार. माझी पत्नी आपला साबण वापरत असे. ती वारली. तिची अर्धी वडी अजून साबणदाणीत आहे. मी ती वापरत नाही. मी कपड्यांच्या साबणानं आंघोळ करतो." मी खुर्चीचा हात धरला. गेल्या हिवाळ्यात त्यांच्या हाताची कातडी तडकलेली पाहून मी गोळ्यांना दोष दिला होता, मलम नेऊन दिलं होतं, डॉक्टर बदलायचं म्हणत होते. त्यांनी मलम घेतलं आणि बरं वाटतंय म्हणून सांगितलं. गार चहासारखं. "कपाटात तिनं आणून ठेवलेल्या आणखी वड्या आहेत," ते वाचत होते. "वाचनालयातली मुलगी म्हणते, कंपनी सही करेपर्यंत हा साबण सोडतो असा शब्द द्या. सगळ्यांनी दिला. मी दिलेला नाही." इथे ते थांबले. कागद खाली ठेवल्याचा आवाज झाला. "कागद इथे संपतो," ते म्हणाले, आणि पुढचा आवाज वाचणाऱ्याचा नव्हता. "पुढचं मला लिहिता आलं नाही. म्हणजे बघा, जी गोष्ट मी वापरतच नाही, ती सोडतो असं कसं म्हणू? खोटं होईल ते. आणि वापरायला लागलो तर ती वडी संपेल. तिचा वास आहे हो तिला. म्हणजे साबणाचाच वास, पण... तुम्ही कंपनीतल्या आहात. तुम्हाला कळेल. मी ती वापरू का नको?"

एवढा सरळ प्रश्न त्यांनी आयुष्यात कुणाला विचारला असेल असं मला वाटत नाही. आईलाही नाही, ती विचारायची वेळच येऊ द्यायची नाही. मला तो विचारला, आणि मला विचारला नाही. छापील वाक्यं समोर होती. त्यातलं कुठलंही चाललं असतं, आपली सूचना, आपले आभार. ते ठीक आहे म्हणाले असते, जेवलात का म्हणाले असते, आणि मोरीत जाऊन कपड्यांच्या साबणानं हात धुतले असते, तडकेपर्यंत. माझ्या नाकाला एकदम तो वास आला, इथे, या एसीच्या कोरड्या हवेत. ओल्या वडीचा, आईच्या मनगटांचा, शाळेत जाताना ती ओल्या हातानंच माझी वेणी घट्ट करायची त्याचा. पाठ ओलसर व्हायची आणि मी कुरकुरायचे. "वापरा," मी म्हणाले. आवाज कल्हईचा होता का घरचा, मला सांगता येणार नाही. "घरात आहे तो वापरा. त्या आणून ठेवल्या आहेत त्या वापरण्यासाठीच ना? ठेवून ठेवून वास जातोच, वापरला तर निदान हाताला येईल. फक्त नवा आणू नका. आमचे लोक सही करेपर्यंत नवा आणू नका." मग त्यांनी नाक ओढलं. "बरं," ते म्हणाले. "बरं झालं विचारलं." त्या दिवशी जेवलात का हे ते विसरले.

आणि मग बटणं. सगळं काही त्या दोन बटणांशी येऊन थांबलं. कागद दाबलं तर आठवड्याअखेर पुसलं जाणार, मी जे बोलले तेही, म्हणजे माझी खुर्ची शाबूत. बाबांचा आवाज एका आकड्यात जाऊन बसणार, पोपटांत. माणूस दाबलं तर ते वर जाणार, आईची अर्धी वडी, कपड्यांचा साबण, ते 'तिचा वास आहे हो', सगळं एका मोठ्या टेबलाभोवती बसलेल्या अनोळखी लोकांच्या कानांत. ज्यांनी तिला पाहिलं नाही, ज्यांना तिच्याशी काही देणंघेणं नाही. आणि शेवटी कंपनीच्याच टेबलावरची बाई कंपनीचा साबण घेऊ नका म्हणून सांगते आहे, तेही त्यांना ऐकू येणार. मला दोन्ही नको होतं. आईचं काय मत पडलं असतं? तिनं ती वेगळी बादली मोरीत मुद्दाम ठेवली होती, सगळ्यांना दिसेल अशी. घरातली गोष्ट चव्हाट्यावर आणायची नाही असं ती जगाला सांगायची, आणि नेमकी तेवढी आणायची जेवढीनं काम होईल. शिवाय बाबांनी विचारलं होतं. जन्मभर गार चहा प्यायलेला माणूस एकदा तोंड उघडून बोलला, आणि मी, त्यांची मुलगी, त्याला कागद म्हणू? मी माणूस दाबलं. दाबल्यावर मी डबा उघडून कोरडी पोळी चावत बसले.

म्यूट दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा मागे येऊन उभा राहिला आणि मला काचेच्या खोलीत घेऊन गेला. त्यानं माझ्यासमोर पूर्ण फोन ऐकला. हेडफोन काढून टेबलावर ठेवले, पुन्हा उचलले, पुन्हा ठेवले. "कोण आहे हा माणूस?" त्यानं विचारलं. "गिऱ्हाईक," मी म्हणाले. "तुम्हाला नियम माहीत आहेत," तो म्हणाला. माहीत आहेत, मी म्हणाले. मग त्यानं खिडकीतून बाहेर बघत सांगितलं, की साबणसाहेबांनी हे कालच उचललं आहे, त्यांचा निरोप येईपर्यंत तुम्ही फ्रिजवर बसा. तिथे बसून मी बर्फ न धरणाऱ्या कप्प्यांच्या तक्रारी घेत राहिले आणि जिन्यात पाऊल वाजलं की दाराकडे बघत राही. आज खुर्ची जाते, उद्या जाते. आलेला प्रत्येक दिवस संध्याकाळी तसाच निघून जाई.

साबणसाहेब शेवटी स्वतःच आला, जिन्यात गाठ पडली. त्याची नखं तशीच होती, पण खांदे जरा वर आले होते. "तुमचं वाक्य मी कापलं," तो म्हणाला. "ते नवा आणू नका वगैरे. तुमच्या भल्यासाठी, आणि माझ्याही. त्यांचा प्रश्न तेवढा ठेवला." वरच्या बैठकीत त्यानं तो वाजवला होता. वापरू का नको, इथे आवाज बंद होतो. "मग आमचे सगळ्यात थोरले साहेब म्हणाले, काय सांगितलं आपण त्यांना? मी म्हटलं, अजून काही सांगितलेलं नाही." तो हसला, मग हसणं आवरलं आणि खाली उतरून गेला. महिन्याभरात सही झाली. पेपरात आलं, की कंपनीनं ही मानकं स्वतःहून, कोणत्याही दबावाशिवाय स्वीकारली आहेत. झाडवाल्यांनीही पत्रक काढून कंपनीच्या पुढाकाराचं अभिनंदन केलं. मी ते वाचलं आणि मला आईची मान डोलताना दिसली. बाबांच्या प्रश्नामुळे सही झाली असं मी म्हणणार नाही. एका मोठ्या दुकानसाखळीनं हा साबण फळीवरून काढू अशी तंबी दिली होती, त्या आजीबाई पुढच्या सभेला पुन्हा येणार होत्या, इतक्या जणांनी ढकललेल्या गाडीला शेवटचा हात कुणाचा लागला ते कोण सांगणार? आणि सही म्हणजे काही झाड नव्हे. प्रत्यक्ष तेल बदलायला कंपनीनं वर्षं मागून घेतली आहेत, तोवर तिकडे काय उभं राहील आणि काय आडवं होईल, देव जाणे. झाडवाले दुसऱ्या दिवशी शाम्पूवाल्यांच्या मागे लागले.

रविवारी मी फोन न करता सरळ बाबांकडे गेले. त्यांनी दार उघडलं, बस मिळाली का विचारलं, आणि स्वयंपाकघरात चहा ठेवायला गेले. मी हात धुवायला मोरीत गेले. साबणदाणीत वडी होती, ओली. अर्धीची पाव झाली होती, वरची अक्षरं जाऊन गुळगुळीत, मधोमध अंगठ्यानं खळगा पडलेला. आईच्या अंगठ्याचा खळगा डाव्या बाजूला असायचा, ती डावखुरी होती. आता त्यावर दुसरा, उजवीकडून. मी नळ सोडला आणि वडी हातात घेतली, आणि बराच वेळ नुसती फिरवत राहिले.

"सही झाली म्हणे," बाबा दारात येऊन म्हणाले. त्यांच्या हाताची कातडी बरी दिसत होती. "साबणवाल्यांची. चष्मेवाली पेढ्यासारखी बातमी वाटत होती. आता नवा आणायला हरकत नाही."

"आणलात?"

"नाही. घरात आहे ना." ते तिथेच उभे राहिले. "तुझ्या कामामुळे तुला कळेल म्हणून विचारतो. मी तिथे फोन करत असे. एक बाई होत्या. मला त्यांनी एक गोष्ट स्पष्ट सांगितली, कंपनीच्या असून. सही झाल्यावर आभार मानावेत म्हणून परत फोन केला, तर दुसरीच कुणी. म्हणाली, त्या आता इथे नसतात." त्यांनी चौकटीवरचा रंगाचा पोपडा नखानं काढला. "माझ्यामुळे नोकरी गेली असणार गं त्यांची. झोप लागत नाही मला."

डाव्या पायाचे दोन बूट उशाशी ठेवून तळमळणारा तो माणूस. मी त्यांच्याकडे पाठ करून उभी होते, हाताला फेस. नाही गेली बाबा, असं साधं म्हणता आलं असतं. ते घशापर्यंत आलंही. पण घरच्या आवाजात आमचं कधी काही बोलणं झालेलं नव्हतं, आणि जे झालं होतं ते दुसऱ्याच आवाजात. मी तो लावला, थोडा वरच्या पट्टीतला, सावकाश. "आपण वेळ काढून फोन केलात, त्याबद्दल आभारी आहोत," मी नळाकडे बघत म्हणाले. "आपली सूचना नोंदवून घेतली आहे. त्या बाई फ्रिजच्या टेबलावर आहेत, सुखरूप आहेत. आपल्याला आणखी काही मदत हवी आहे का?"

स्वयंपाकघरात चहा उतू जाऊन गॅसवर चरचरला, तरी ते हलले नाहीत. मी वळून पाहिलं. त्यांचा हात सदऱ्याच्या खिशाकडे गेला होता, जिथे लिहायला एखादं रिकामं पाकीट आणि पेन असतं. खिशात तो थोडा वेळ चाचपडत राहिला आणि मग रिकामाच बाहेर आला.

"जेवलीस का?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "अजून नाही."